मोजणी खरी, तर राखण खरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींच्या वनासंबंधी थोडक्यात पण नेमके विवेचन आले आहे. राज्याच्या सीमाभागात हत्तींसाठी स्वतंत्र वन राखावे, त्यावर अध्यक्ष नेमावा, हत्तीची हत्या करणाऱ्यास मृत्युदंड द्यावा, ही त्यातील विधाने अनेकांना ठाऊक असतात. त्याच ठिकाणी असलेल्या आणखी एका सूचनेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वन राखणाऱ्यांनी तेथील हत्तींची लेखी नोंद ठेवावी, अशी ती सूचना आहे. कळपात वावरणारा, एकटा हिंडणारा, कळपातून फुटलेला, कळपाचा नायक, दुष्ट स्वभावाचा, मदमस्त, पिलू, बंधनातून सुटलेला अशा वर्गवारीने ही नोंद करावयाची. पावलांचे माग, लीद, विसाव्याच्या जागा आणि नदीकाठची मोडतोड पाहून कळप केवढा आहे ते ठरवावयाचे, इथपर्यंतचा तपशील तेथे दिलेला आहे.

ग्रंथकाराला हत्ती हवे होते ते सैन्यासाठी, हे खरे. त्यामागे केवळ भूतदया होती असे मानण्याचे कारण नाही. पण ज्याचे रक्षण करावयाचे त्याची नोंद असली पाहिजे आणि ती नोंद प्रत्यक्ष वनात फिरणाऱ्याने पुरावा पाहून केली पाहिजे, हे तत्त्व त्या काळातील राज्यकारभाराला समजले होते. आधुनिक भारताला हेच तत्त्व फार मोठी किंमत मोजून नव्याने शिकावे लागले. ही किंमत मोजली ती वाघांनी.

दोन आकडे, दोन अर्थ

पुढील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २००१-०२ च्या गणनेनुसार भारतात ३,६४२ वाघ होते. २०२२ च्या गणनेनुसार भारतात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. दोहोंत फरक अवघा चाळिसाचा. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की वीस वर्षांत काही घडलेच नाही. वस्तुस्थिती अशी की, या दोन आकड्यांच्या मध्ये एक भीषण ऱ्हास, एक राष्ट्रीय नामुष्की आणि एक कष्टसाध्य पुनरुत्थान दडलेले आहे. पहिला आकडा कागदावरचा होता. दुसऱ्या आकड्यामागे छायाचित्रांचा पुरावा आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली देशव्यापी व्याघ्रगणना १९७२ साली झाली. तिच्यात १,८२७ वाघ मोजले गेले आणि देश हादरला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा प्रारंभ झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांमध्ये आपल्या विदर्भातील मेळघाटचा समावेश होता. एका आकड्याने शासनाला जागे केले आणि त्या जागृतीतून भारतीय वन्यजीव संरक्षणाचा पाया घातला गेला, हे मान्य करावेच लागेल.

वाघ मोजण्याची जी रीत त्या काळी रूढ झाली, ती ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी विकसित केली होती. वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर रेखून घ्यावयाचा, प्लास्टरमध्ये त्याची प्रतिकृती करावयाची, आणि आकारमान व ठेवण यांवरून एका वाघाचा ठसा दुसऱ्यापासून वेगळा ओळखावयाचा, अशी ती रीत. चौधरी स्वतः जाणते वनाधिकारी होते. आयुष्य जंगलात घालवलेल्या माणसाच्या हाती ठसा पुष्कळ काही सांगतो, यात शंका नाही. आपले गोंड, कोरकू, कोलाम बांधव धुळीतल्या पावलांवरून जनावर नर की मादी, चालत गेले की धावत, हे आजही सांगतात.

परंतु एका जाणकाराचे कौशल्य सबंध देशाची शासकीय पद्धती होते, तेव्हा प्रश्न निर्माण होतात. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत एक, भुसभुशीत धुळीत दुसरा आणि वाळूत तिसराच उमटतो. काचेवर रेषा ओढणारा हात बदलला की आकृती बदलते. शिवाय ठरलेल्या थोड्या दिवसांत देशातील प्रत्येक वाघाचा ठसा सापडलाच, असे गृहीत धरावे लागते. कर्नाटकातील नागरहोळे येथे वाघांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी हे दोष वारंवार दाखवून दिले होते. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असतात, त्यांची छायाचित्रे घेऊन गणिताच्या आधारे संख्या काढावी, हा पर्याय त्यांनी १९९५ च्या सुमारासच शास्त्रीय जगतापुढे मांडला होता. शासकीय यंत्रणेने तो ऐकला नाही.

सरिस्काचा धडा

ऐकले न जाण्याचे कारण केवळ अज्ञान नव्हते. त्यात सोय होती. ज्या अधिकाऱ्याकडे जंगलाची राखण, त्याच्याकडेच मोजणी. आणि मोजणीत आकडा घटला तर जाबही त्यालाच. अशा व्यवस्थेत आकडा घटेलच कसा? प्रत्येक क्षेत्रसंचालकाचा आकडा मागील वर्षाइतका किंवा थोडा अधिक भरत गेला. त्या आकड्यांची बेरीज राज्याने केली, राज्यांची बेरीज केंद्राने केली आणि देश समाधानाने झोपी गेला.

२००५ च्या प्रारंभी राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि ही झोप मोडली. आदल्याच वर्षीच्या शासकीय नोंदीत तेथे १६ ते १८ वाघ होते. वृत्तपत्रांनी बातमी दिली, भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी जंगल पालथे घातले, केंद्रीय अन्वेषण विभागाला तपास सोपवला गेला. निष्कर्ष एकच निघाला. शिकाऱ्यांनी सरिस्का रिकामे केले होते आणि कागदोपत्री तेथे वाघ फिरत होते.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. शिकाऱ्याला सर्वाधिक मदत कोणी केली? त्याच्या सापळ्याने नव्हे, तस्कराच्या पैशाने नव्हे, तितकी मदत त्या फुगवलेल्या आकड्याने केली. नोंदवहीत वाघ शाबूत असल्यामुळे गस्त वाढवण्याची निकड कोणाला भासली नाही, वरिष्ठांनी प्रश्न विचारले नाहीत, निधीची वा मनुष्यबळाची मागणी झाली नाही. खरा आकडा वेळीच लिहिला गेला असता तर वाघ निम्मे असतानाच धोक्याची घंटा वाजली असती.

पंतप्रधानांनी नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने त्याच वर्षी अहवाल दिला. सुनीता नारायण त्याच्या अध्यक्ष होत्या. माधव गाडगीळ, वाल्मीक थापर, हेमेंद्र पंवार, समर सिंह अशी जाणती मंडळी त्यात होती. सदस्यांत मतभेदही झाले, विशेषतः माणूस आणि वाघ यांच्या सहजीवनाच्या प्रश्नावर. पण ठशांवर आधारलेली जुनी गणना मोडीत काढून शास्त्रीय पद्धती आणली पाहिजे, ही गोष्ट आता टाळण्यासारखी राहिली नव्हती. २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि दर चार वर्षांनी नव्या रीतीने देशव्यापी गणना करण्याची व्यवस्था झाली.

पहिल्याच गणनेचा निकाल आला तो १,४११ वाघांचा. ३,६४२ वरून थेट १,४११. मधल्या चार-पाच वर्षांत बावीसशे वाघ मेले, असा त्याचा अर्थ नव्हता. त्यांतील कित्येक वाघ कधी अस्तित्वातच नव्हते. नव्या गणनेने देशाच्या डोळ्यांवरची पट्टी तेवढी काढली.

तरीही खोड लगेच गेली नाही. सरिस्काचा गवगवा चालू असतानाच मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्रप्रकल्पाबाबत तेथील संशोधक धोक्याचे इशारे देत होते. ते इशारे नाकारले गेले. अखेर २००९ मध्ये पन्नातही वाघ संपल्याचे मान्य करावे लागले. समाधानाची गोष्ट ही की, पुढचे पाऊल मात्र योग्य पडले. बाहेरून आणलेल्या वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा रात्रंदिवस माग ठेवला गेला, जन्मलेल्या प्रत्येक बछड्याची नोंद झाली. २०२२ च्या गणनेत त्याच पन्नात पन्नासहून अधिक वाघ आढळले. ज्या जंगलाने खोट्या नोंदीमुळे वाघ गमावले, त्याच जंगलाने काटेकोर नोंदीच्या बळावर ते पुन्हा मिळवले.

आकडा कसा सिद्ध होतो?

जंगलातील सगळे वाघ कोणालाच दिसत नाहीत, मग संख्या सांगता येते तरी कशी, असा प्रश्न सुजाण वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गावच्या तळ्याचे उदाहरण घ्यावे. तळ्यात जाळे टाकून ४० मासे धरले, त्यांना खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकले तेव्हा ५० मासे मिळाले आणि त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे दर पाच माशांत एक खुणेचा. खुणेचे एकूण मासे ४० असल्यामुळे तळ्यात सुमारे २०० मासे असावेत, असा अंदाज बांधता येतो. वाघाला खूण करण्याची गरजच नसते, कारण ती निसर्गाने पट्ट्यांच्या रूपाने केलेली आहे. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर स्वयंचलित कॅमेरे बांधले की वाघाच्या दोन्ही कुशींचे छायाचित्र मिळते. कोणता वाघ किती वेळा आणि कोठे टिपला गेला, यावरून न टिपल्या गेलेल्या वाघांचा अंदाज करता येतो.

जेथे कॅमेरे लावता येत नाहीत तेथे ठसे, विष्ठा, झाडांवरील ओरखडे आणि चितळ-सांबरांसारख्या भक्ष्याची उपलब्धता यांवरून अनुमान केले जाते. २०२२ च्या फेरीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. वनकर्मचारी ६ लाख ४१ हजार किलोमीटरहून अधिक पायी चालले. ४ कोटी ७० लाखांवर छायाचित्रे मिळाली आणि त्यांत वाघांची होती ९७,३९९. त्यांतून ३,०८० निरनिराळे वाघ प्रत्यक्ष ओळखले गेले. म्हणजे ३,६८२ या अंदाजापैकी बहुसंख्य वाघांचे छायाचित्र दाखवता येते. जगात इतक्या विस्तीर्ण प्रदेशावर वन्यप्राण्यांची इतकी मोठी मोजणी क्वचितच झाली असेल. भारतीय वैज्ञानिकांनी आणि वनकर्मचाऱ्यांनी हे काम उभे केले याचा अभिमान अवश्य बाळगावा.

या आकड्याच्या मागे घाम आहे तसे रक्तही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पात याच गणनेची पाहणी करत असताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. कर्तव्यावर निघालेल्या त्या भगिनीच्या हाती बंदूक नव्हती. खुणा टिपण्याचे साहित्य होते. दिल्लीत किंवा म्हैसुरात आकडा जाहीर होतो तेव्हा टाळ्या वाजतात. त्या टाळ्यांचा काही वाटा पहाटे नियतक्षेत्रात पायी निघणाऱ्या वनरक्षकाच्या आणि वनमजुराच्या वाट्यालाही यावयास हवा. त्याला वेळेवर वेतन, बरे बूट, संदेशवहनाचे साधन आणि विम्याचे संरक्षण मिळते की नाही, हा प्रश्नही गणनेच्या विश्वासार्हतेशीच निगडित आहे. थकलेल्या आणि दुर्लक्षित माणसाकडून अचूक नोंदीची अपेक्षा करता येत नाही.

बेरजेत हरवलेली वजाबाकी

अभिमान बाळगतानाच एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या व्यवस्थेचा मूळ दोष ठशांत नव्हता. आकडा म्हणजे प्रगतिपुस्तक, ही जी मनोवृत्ती होती, तिच्यात तो दोष होता. ती मनोवृत्ती कॅमेऱ्याच्या युगातही डोके वर काढू शकते.

एप्रिल २०२३ मध्ये देशात किमान ३,१६७ वाघ असल्याचे जाहीर झाले आणि जुलैमध्ये ३,६८२ ही सरासरी सांगितली गेली. अहवालानुसार खरी संख्या ३,१६७ ते ३,९२५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. शास्त्रीय अंदाज नेहमी अशा मर्यादांसहच असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण मथळ्यात एकच आकडा येतो, नेत्यांच्या भाषणात तोच येतो, आणि मर्यादा मागे पडतात. २०१५ मध्ये कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कॅमेरे नसलेल्या भागांतील संख्या खुणांवरून काढण्याच्या रीतीवर गणिती आक्षेप घेतले होते. त्यावर वैज्ञानिकांत वाद झाला आणि तो होणे आरोग्यदायीच आहे. आक्षेप घेणारा शत्रू नसतो. सरिस्का आणि पन्नाच्या वेळी आक्षेप घेणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले, याचा विसर पडू नये.

बेरजेच्या आनंदात वजाबाकी झाकली जाते, हा दुसरा धोका. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५, कर्नाटकात ५६३, उत्तराखंडात ५६० आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले. महाराष्ट्राची २००६ मधील संख्या १०३ होती, हे लक्षात घेता हे यश मोठेच आहे. पण आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात २०१४ मध्ये ४६ वाघ होते, ते २०२२ मध्ये १७ उरले. झारखंडात तर संख्या एकावर आली. देशाचा आकडा वाढत असताना मध्य भारताच्या पूर्वेकडील जंगले रिकामी होत आहेत. वाघ वाढले, या एका वाक्याने ही शोकांतिका पुसली जाते.

वाढ झाली तेथेही प्रश्न संपत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात व्याघ्रप्रकल्पाबाहेर, शेतशिवाराला लागून वाघ नांदतात. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात जाणारी माणसे तेथे बळी पडतात. त्यांच्या घरच्यांना राष्ट्रीय आकड्याचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? वाघ कोणत्या वाटेने फिरतो, कोणत्या गावाजवळ वाघिणीने पिले घातली आहेत, कोणता नर नवा आला आहे, याची रोजची नोंद असेल तर गावाला वेळीच सावध करता येते. मोजणीचा खरा उपयोग हा आहे. चार वर्षांतून एकदा होणारी घोषणा त्याची जागा घेऊ शकत नाही.

न मोजण्यातली सोय

आकडा फुगवण्याचा मोह असतो, तसा आकडा न मोजण्याचाही असतो. गोव्यातील म्हादई अभयारण्याच्या परिसरात वाघ आहेत, असे सत्तरी तालुक्यातील जाणकार वर्षानुवर्षे सांगत होते. हे वाघ येथील नव्हेत, कर्नाटकातून येऊन-जाऊन असतात, असा युक्तिवाद त्यावर केला जाई. वाघ येथलाच आहे असे मान्य केले की त्याच्यासाठी क्षेत्र राखावे लागते, खाणींवर आणि बांधकामांवर बंधने येतात. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिले विषबाधेने मेलेली सापडली. पाहुणी म्हणून आलेली वाघीण पिलांसह संसार मांडून बसत नाही. जे जिवंतपणी नोंदले गेले नाही ते मरणाने नोंदवले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेथे व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि त्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

याच सह्याद्रीत उलट उदाहरणही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीच्या जंगलात एक नर वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. पट्टे जुळवून पाहता तो पूर्वी राधानगरीत टिपला गेलेलाच वाघ निघाला. राधानगरी ते चांदोली हा वन्यजीवांचा मार्ग अद्याप जिवंत आहे, याचा याहून भक्कम पुरावा कोणता असेल? त्या मार्गावरील डोंगरउतार खाणीला किंवा विश्रामधामांना देण्याचा प्रस्ताव उद्या आला, तर दोन छायाचित्रे वाघाच्या बाजूने साक्ष देतील. ज्याची नोंद नाही, त्याच्या वतीने न्यायालयात काहीच बोलता येत नाही.

वाघापलीकडचे जीव

वाघाचे भाग्य असे की तो राष्ट्रीय प्राणी आहे. ज्यांच्या नशिबी हे भाग्य नाही, त्यांचे काय? गिधाडाची कथा या दृष्टीने डोळे उघडणारी आहे. रावणाला अडवताना प्राण वेचणाऱ्या जटायूचे हे वंशज गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावोगावी होते, इतके की त्यांना मोजावे असे कोणाला वाटत नव्हते. सुदैवाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी देशभरच्या रस्त्यांवरून फिरून शिकारी पक्ष्यांच्या नोंदी केल्या होत्या. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी घरट्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच ऱ्हासाची व्याप्ती कळली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे अशाच आणखी काही औषधांवर बंदी घालण्यात आली. गावकुसाबाहेर गुरे कुजू लागली, मुंबईत पारशी समाजाच्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीपुढे प्रश्न उभा राहिला, तेव्हा एका कुरूप समजल्या जाणाऱ्या पक्ष्याचे मोल समाजाला कळले. आधीच्या नोंदी नसत्या तर आपण फक्त म्हणालो असतो, पूर्वी गिधाडे दिसायची, हल्ली दिसत नाहीत. एवढ्या बोलण्यावरून औषधावर बंदी येत नसते.

माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्राला हळहळण्यापलीकडे फारसे काही उरलेले नाही. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य स्थापन झाले, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात शहरे होती, उसाचे मळे होते, साखर कारखाने होते. नियमांच्या जाचाने शेतकरी पक्ष्याला वैरी मानू लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले गेले, पण तोवर फार उशीर झाला होता. नान्नजच्या माळावर मोजणी दरवर्षी होत राहिली आणि आकडा दरवर्षी खाली येत राहिला. अलीकडच्या वर्षांत एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. येथे आकडा खोटा नव्हता. खरा आकडा समोर असूनही त्यावर कृती झाली नाही. मोजणी हा रक्षणाचा आरंभ आहे, पर्याय नव्हे, हे माळढोकाने आपल्याला शिकवले. आज या पक्ष्याची मुख्य आशा राजस्थानातील माळरानांवर आणि तेथील प्रजनन केंद्रांवर टिकून आहे.

काय व्हावयास हवे?

गेल्या काही वर्षांत आशादायक गोष्टीही घडल्या आहेत. हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी मोजणी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली व त्यांची संख्या ७१८ असल्याचे कळले. नद्यांमधील डॉल्फिनांची पहिली गणना मार्च २०२५ मध्ये ६,३२७ या आकड्यासह प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हत्तींचा अहवाल आला. विष्ठेच्या नमुन्यांतील जनुकांवरून एकेक हत्ती वेगळा ओळखण्याची पद्धती त्यात प्रथमच देशपातळीवर वापरली गेली. अंदाज निघाला २२,४४६ हत्तींचा. २०१७ ची संख्या २७,३१२ होती. पद्धती बदलल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, असे अहवालकर्त्यांनी स्पष्ट केले आणि ते योग्यच आहे. कौटिल्याच्या वनपालाने लीद पाहून जे जाणून घ्यावयाचे, तेच आज प्रयोगशाळेत अधिक काटेकोरपणे जाणता येते. लहान निघालेला आकडा न लपवता मांडला गेला, ही त्यातील अधिक मोलाची गोष्ट. प्रामाणिक लहान आकड्याचे स्वागत करण्याची सवय समाजाने लावून घेतली पाहिजे. अन्यथा अधिकारी पुन्हा मोठे आकडे लिहू लागतील.

यासाठी काही गोष्टी निग्रहाने करावयास हव्यात. राखणाऱ्याने माहिती गोळा करावी, पण तिची तपासणी त्याच्या अधिकाराबाहेरील स्वतंत्र संस्थेने करावी. आपल्या घराच्या जमाखर्चाचा लेखापरीक्षक आपणच होऊ नये, हा व्यवहारातला साधा नियम आहे. संकलित माहिती देशातील विद्यापीठांना आणि संशोधकांना अभ्यासासाठी खुली असावी. शिकाऱ्यांच्या हाती ती पडेल, ही भीती निराधार नाही. पण वाघाची नेमकी जागा झाकूनही गणित उघडे ठेवता येते. संख्या घटल्याचे प्रामाणिकपणे कळवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा नव्हे, साहाय्य मिळावे. आणि वाघाच्या बरोबरीने माळरानावरचे लांडगे, खोकड, तणमोर, नदीतले मासे, कोकणकड्यावरची गिधाडे यांच्याही नियमित नोंदी व्हाव्यात.

हे सारे शासनावर सोपवून चालणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्री कासवांची घरटी शोधून, मोजून, राखून दाखवली. जेथे अंडी विकली जात, तेथे आता पिलांना समुद्रात जाताना पाहण्यासाठी माणसे दुरून येतात. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. अनेक ठिकाणी ती वही ठेकेदाराकडून भरून घेतली जाते आणि कपाटात पडून राहते. गावातील शिक्षक, तरुण मंडळे, गुराखी, मच्छीमार यांनी ती दरवर्षी स्वतः भरली तर देशाला लाखो डोळे मिळतील. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी पाहणारे हौशी निसर्गप्रेमी महाराष्ट्रात कमी नाहीत. त्या एका रात्रीच्या पाहणीतून शास्त्रीय संख्या मिळत नाही, पण त्या उत्साहाला वर्षभराच्या नोंदीची शिस्त लाभली तर तो फार मोठे काम करील.

अकोले, जुन्नरच्या डोंगरी भागात आदिवासी बांधव वाघबारस पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराढोरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. ज्याचे भय वाटते त्यालाही देव मानून त्याच्या शेजारी नांदण्याची ही रीत आपल्या समाजाचा ठेवा आहे. मात्र श्रद्धा डोळस असली तरच ती उपयोगी पडते. सरिस्काच्या परिसरात पांडुपोळ येथे हनुमंताचे पुरातन स्थान आहे, तेथे भाविकांची रीघ लागते, आणि त्याच जंगलातून वाघ नाहीसा झाल्याचे बराच काळ कोणाच्या लक्षात आले नाही. जून २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सरिस्का पुन्हा वसवावे लागले. हेलिकॉप्टर प्रत्येक प्राण्यासाठी उडणार नाही. माळढोकासाठी महाराष्ट्रात ते उडाले नाही.

आता देशव्यापी व्याघ्रगणनेच्या सहाव्या फेरीची वेळ आली आहे. तिचा आकडा ३,६८२ पेक्षा मोठा असेल की लहान, यावर चर्चा रंगेल. त्या वेळी जाणत्या नागरिकाने आकड्याआधी तीन प्रश्न विचारावेत. तो कोणी मोजला? तो कोणी तपासला? आणि कोणत्या जंगलात तो शून्यावर आला? या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने मिळाली, तर आकडा लहान असला तरी काळजीचे कारण नाही. ती मिळाली नाहीत, तर मोठ्या आकड्यानेही निश्चिंत होऊ नये.